खर्जाची सेवा : बास गिटारचा इतिहास आणि आपली उपासना

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जी वाद्ये आली, त्यांत बास गिटारइतके गैरसमजाचे धनी दुसरे वाद्य झाले नसावे. पेटी आणि तबला यांना आपण आपले मानले. साध्या गिटारीलाही युवकांच्या मिस्साच्या निमित्ताने दार उघडले. परंतु चार जाड तारांची, लांब मानेची आणि विजेवर चालणारी ही गिटार वेदीशेजारी दिसली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आम्हीही त्या वडीलधाऱ्यांपैकीच एक होतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी आम्ही महिन्यातून एकदा राधानगरीला मिस्सा अर्पण करण्यासाठी जात असू. भोगावतीच्या काठचे हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या धरणामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. कोल्हापूरहून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कोकणात आणि पुढे गोव्याकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. त्याच रस्त्याने नोकरीनिमित्त वर आलेली सावंतवाडीकडची काही कुटुंबे आणि परिसरातील मोजकी ख्रिस्ती घरे मिळून तीस-पस्तीस माणसे पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत उपासनेस जमत. पेटी होती, ढोलकी होती आणि एक तरुण होता, ज्याला बास गिटारचा नाद होता. नाद या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला सारखेच लागू पडत.

या तरुणाला आम्ही एका ईस्टरनंतर ते वाद्य उपासनेत वाजवण्यास मनाई केली. मनाई करताना ख्रिस्तसभेच्या एका दस्तऐवजाचा आधारही दिला. तो आधार अर्धवट होता हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि तोवर त्या मुलाने गायकवृंदच नव्हे तर मिस्साही सोडला होता. त्यानंतर आम्ही या वाद्याचा इतिहास वाचावयास घेतला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे, कारण असा एखादा तरुण आणि असा एखादा फादर इतर धर्मग्रामांतही असण्याचा संभव आहे.

ख्रिस्तमंदिरातील खालचा स्वर

समूहाने गाताना एक अडचण नेहमी येते. आधाराला वाद्य नसेल तर गाणारे हळूहळू स्वराने खाली घसरतात, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत कोणत्या पट्टीत सुरू झाले होते याचा कोणालाच पत्ता राहत नाही. वरच्या स्वरांच्या वाद्याने चाल कळते, परंतु पाय रोवून उभे राहावे अशी जमीन मिळते ती खालच्या स्वराने. ही गोष्ट ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखली होती. युरोपातील मोठ्या ऑर्गनला हातांच्या पट्ट्यांखेरीज पायांनी दाबावयाच्या पट्ट्या असतात. त्या दाबल्या की सोळा-सोळा फूट उंचीच्या नळ्यांतून खर्जाचा स्वर निघतो. गाणाऱ्यांना तो वेगळा असा ऐकूही येत नाही, परंतु तो थांबला तर सारे गायन पोकळ होते.

सर्व देवळांना असा ऑर्गन परवडत नसे. त्यावर फ्रान्समध्ये निघालेला तोडगा मोठा मनोरंजक आहे. १५९० च्या सुमारास ओसेर या नगरातील एद्मे गियोम नावाच्या एका धर्मगुरूंनी लाकडाची एक वाकडीतिकडी फुंकण्याची नळी तयार केली, असे परंपरेने मानले जाते. सुमारे आठ फुटांची ही नळी वादकाच्या हातांत मावावी म्हणून तिला नागमोडी वळणे दिलेली असत आणि वरून कातडे चढवलेले असे. आकारावरून तिचे नाव पडले सर्पेंट, म्हणजे सर्प. ग्रेगोरियन गायनात पुरुषांच्या आवाजाला खालून टेकू देणे एवढेच तिचे काम होते, आणि ते काम तिने फ्रान्सच्या देवळांतून दोनशेहून अधिक वर्षे केले. एदेनबागेतील सर्पाची कथा ज्यांच्या रोजच्या वाचनात होती, त्यांनी सर्प नावाचे वाद्य वेदीजवळ येऊ दिले. वाद्याच्या नावारूपाकडे न पाहता त्यांनी कामाकडे पाहिले. आम्हाला हे सुचले नव्हते.

गोवा आणि मिरज

हाच खालचा स्वर आपल्या भागात दोन वाटांनी नांदला. पहिली वाट गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, आणि व्हायोलिन शिकवले जाई. देवळातील मिस्साला आणि क्रुसासमोरच्या लदिनीला व्हायोलिनांच्या जोडीला रबेकाव असे. रबेकाव म्हणजे आपण ज्याला डबल बास म्हणतो ते पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य. मांडो गाताना खालची बाजू घुमट सांभाळी. मातीच्या या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणलेले असे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर कारागीर शेळीच्या कातड्याकडे वळले. कातडे बदलले म्हणून घुमटाचे घुमटपण गेले नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्यास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

दुसरी वाट आपल्या अंगणातली, मिरजेची. कोल्हापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडत आहेत. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची चौथी तार ती खर्जाची. तिच्यावर कोणी गाणे वाजवत नाही, तिच्यासाठी कोणी टाळ्या देत नाही. परंतु ती बिघडली तर गवई गायला बसत नाही. ही तार घोडीवर जेथे टेकते तो पृष्ठभाग केसाच्या अंतराने घासून कारागीर ‘जवारी काढतो’. वाद्यातील सुधारणा म्हणजे काय हे मिरजेच्या माणसाला कोणी सांगावयास नको. नवे काही जोडण्यापेक्षा जे आहे ते नीट बोलते करणे, हा त्याचा पिढीजात धंदाच आहे.

मोठ्या पेटाऱ्यातून लहान लाकडात

आता मूळ विषयाकडे येऊ. खालच्या स्वराची एक भौतिक अडचण आहे. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि त्या स्वराची हवेतील एक लाट आठ मीटरहून लांब असते. शिवाय माणसाच्या कानाला खालचे स्वर मुळातच मंद ऐकू येतात. म्हणून असा स्वर दूरवर पोचवावयाचा तर पोट मोठे असलेले वाद्य हवे. डबल बास एवढा अवाढव्य झाला तो त्यामुळेच. विसाव्या शतकात वाद्यवृंदांत पितळी वाद्ये आणि ढोल वाढले तेव्हा एवढा मोठा डबल बासही त्यांत बुडून जाऊ लागला. वादक बोटे फुटेपर्यंत वाजवीत आणि तरी ते कोणाला ऐकू जात नसे. प्रवासात तर हे धूड कोठे ठेवावे हा प्रश्नच असे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात यावर विजेचा उपाय योजला आणि गिटारीसारखे आडवे धरून वाजवावयाचे एक लहान बास वाद्य बनवले. त्या वेळी ते फारसे रुजले नाही. पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात एव्हरेट हल या बासवादकाने दुसरी युक्ती काढली. डबल बास ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो त्या खुंटीतच त्याने आवाज टिपणारे साधन बसवले. या खुंटीवरूनच त्याच्या ‘अँपेग’ या व्यवसायाचे नाव पडले. पुढे १९६९ मध्ये त्याच नावाने ३०० वॅटचे ध्वनिवर्धक बाजारात आले.

परंतु खरे वळण दिले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारे, शिक्षण हिशेबनिसाचे. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ मध्ये त्यांनी भरीव लाकडाची, चार तारांची, चौतीस इंच तारलांबीची जी बास गिटार विक्रीस आणली, तिचे नाव ठेवले प्रिसिजन, म्हणजे अचूक. डबल बासच्या गुळगुळीत पट्टीवर स्वर नेमका कोठे आहे हे बोटांनी वर्षानुवर्षे शोधावे लागते. फेंडरने मानेवर धातूचे पडदे बसवले, त्यामुळे बोट पडेल तेथे स्वर बिनचूक मिळू लागला. पोकळ पोटाची गरज उरली नाही. तारांखाली बसवलेल्या लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते, आणि तीच ध्वनिवर्धकात मोठी होऊन आवाजाचे रूप घेते. या साधनाला पिकअप म्हणतात.

पुढील सुधारणांचा क्रम पाहिला तर प्रत्येकीमागे एखादी साधी तक्रार दिसते. एकेरी वेटोळ्यात आसपासच्या विजेची घरघर शिरते, म्हणून १९५७ मध्ये वेटोळ्याचे दोन भाग करून ते परस्परविरुद्ध जोडले गेले. त्यामुळे घरघर आपसांत फिटते आणि स्वर शिल्लक राहतो. स्वराचे अधिक रंग हवे होते म्हणून १९६० मध्ये दोन पिकअपची जॅझ बास आली. तारांचेही तसेच. प्रारंभीच्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असे. तिचा आवाज गोल, मऊ आणि डबल बासच्या जवळचा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये गोल तारेने गुंडाळलेल्या तारा लोकप्रिय झाल्या. त्या झणझणीत वाजतात, परंतु बोटांचे घर्षण ऐकवतात आणि लवकर मळतात. १९७६ मध्ये गिटारीच्या पोटातच नऊ व्होल्टची बॅटरी बसवून स्वर बलवान करण्याची सोय आली. आज मुंबईच्या मोहिनी डे यांच्यासारखी वादक जगभरच्या रंगमंचांवर हे वाद्य पुढे येऊन वाजवते, तेव्हा या पाऊणशे वर्षांच्या तक्रारी आणि त्यांवरील उपाय तिच्या हाताखाली असतात.

नाव नसलेले वादक

हे वाद्य आपल्याकडे कोणी आणले? नोकरीच्या शोधात गोव्याहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती वादकांचा त्यात मोठा वाटा आहे. धर्मग्रामाच्या शाळेत शिकलेले सोल्फा हीच त्यांची पुंजी. त्यांतील कोणी पोलीस बँडमध्ये, कोणी हॉटेलच्या वाद्यवृंदात, तर पुष्कळ जण चित्रपटसंगीतात शिरले. धोबी तलावावर १८६५ पासून फुर्टाडो यांचा वाद्यव्यवसाय होता. तारा, रजन, सुटे भाग यांसाठी वादकांची पावले तिकडे वळत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ ही त्यांतील काही नावे. परंतु गाणे ऐकणाऱ्या लक्षावधी लोकांना ती कधी कळली नाहीत, कारण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत वादकाला क्वचितच जागा मिळे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघर पोचले. ते आपल्या व्हायोलिनच्या गुरूस प्यारेलाल यांनी केलेले वंदन होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

समुद्रापलीकडेही निराळे घडले नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जेम्स जेमरसन या कृष्णवर्णी वादकाने १९६० च्या दशकात मोटाउन या संस्थेच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत बास वाजवला. उजव्या हाताच्या केवळ एका बोटाने तो वाजवी. त्याच्या प्रिसिजन गिटारीवर चपट्या तारा होत्या, आणि तुटेपर्यंत त्या बदलावयाच्या नाहीत असा त्याचा शिरस्ता होता. त्या मोठ्या ध्वनिमुद्रिकांवर त्याचे नाव प्रथम छापले गेले ते १९७१ मध्ये. १९८३ मध्ये तो वारला तेव्हाही जगाला त्याची पुरती ओळख नव्हती. आज मात्र बास शिकणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच्यापासून धडे घेतो.

खर्ज सांभाळणाऱ्याच्या वाट्याला अज्ञातवास येतो, मग तो फ्रान्समधील सर्पेंटवादक असो, लदिनीतील रबेकाववाला असो की मुंबईच्या स्टुडिओतील गोवेकर. संत योसेफाविषयी आपण जे आदराने बोलतो, की शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही आणि तरी सारे घर त्याच्यावर उभे आहे, ते या वादकांना पाहून आम्हाला आठवते.

ख्रिस्तसभेने काय म्हटले

आता त्या मनाईकडे वळू. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी सूचनापत्र काढले. त्यात पियानो, ढोल, झांजा यांसारखी गोंगाटी किंवा थिल्लर वाद्ये देवळात वर्ज्य ठरवली गेली. त्या काळी युरोपातील देवळांत ऑपेराच्या धाटणीचे गायन शिरले होते, त्याला आवर घालणे हा त्यांचा हेतू होता. १९५५ च्या नाताळच्या दिवशी बाराव्या पायस यांनी याच विषयावर विश्वपत्र लिहिले. त्यात व्हायोलिन आणि धनुष्याने वाजणाऱ्या इतर वाद्यांचा गौरवाने उल्लेख आहे. डबल बास, म्हणजे आपला रबेकाव, याच कुळातला.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन पुढे म्हटले आहे की, जी वाद्ये पवित्र उपयोगास योग्य आहेत किंवा योग्य करता येतील, जी मंदिराच्या प्रतिष्ठेस साजतील आणि भाविकांच्या उन्नतीस खरोखर साहाय्य करतील, ती संबंधित धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील. ‘योग्य आहेत’ एवढ्यावर महासभा थांबली नाही. ‘योग्य करता येतील’ हेही तिने जोडले.

५ मार्च १९६७ रोजी निघालेल्या संगीतविषयक सूचनेतील एक परिच्छेद आम्हाला सेमिनरीपासून पाठ होता. लोकमताने आणि वापराने जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच योग्य मानली जातात, ती उपासनेतून पूर्णतः वगळावीत, असा त्याचा आशय आहे. हेच आम्ही राधानगरीच्या मुलाला ऐकवले होते. परंतु त्याच परिच्छेदाचा आरंभ असा आहे की, वाद्ये निवडताना त्या त्या लोकांची संस्कृती आणि परंपरा विचारात घ्यावी. आणि लगेच पुढचा परिच्छेद सांगतो की, वाद्याची साथ आवाजांना आधार देते, लोकांचा सहभाग सुलभ करते, जमलेल्यांची एकी दृढ करते. मात्र वाद्याने आवाज झाकून टाकू नये आणि शब्द कळेनासे होऊ नयेत. आम्हाला मधला तुकडा आठवत होता. मागचा-पुढचा वाचण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. दस्तऐवजाने वाद्याच्या वापराला मर्यादा घातली होती. आम्ही माणसाला दार बंद केले.

राधानगरीचा हौशी वादक

त्या मुलाची पहिली गिटार कोलकात्यात बनलेली, जुनी, एका बँडवाल्याकडून घेतलेली होती. राधानगरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना लाकडाची काय दशा होते हे सांगावयास नको. पहिल्याच पावसाळ्यात गिटारची मान धनुष्यासारखी वाकली. मानेच्या आत एक पोलादी दांडी असते, ती किल्लीने फिरवून बाक काढता येतो, हे त्याने शोधून काढले आणि रोज पाव फेरा याप्रमाणे आठवडाभरात मान सरळ केली. तारांना गंज चढे. नव्या तारांचा संच महाग, म्हणून तो जुन्या तारा आईच्या पातेल्यात उकळून काढी. मळ आणि तेल निघून गेल्यामुळे त्या चार दिवस पुन्हा नव्यासारख्या वाजत. आईची तक्रार एवढीच की पातेले मग भाताला घेता येत नसे. ट्यूबलाइट लावली की गिटार घरघरे. त्याने पोटातील पोकळी तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवली, घराचे अर्थिंग दुरुस्त करून घेतले आणि घरघर थांबवली. हे सारे त्याने मिस्सानंतर चहा घेताना आम्हाला सांगितले होते. आम्ही ऐकत होतो, पण मुलाचा पैसा वाया जातो आहे यापलीकडे आमच्या मनात काही येत नव्हते.

पुढे नोकरी लागली, हातात पैसा खेळू लागला, आणि हौस वाढली. झणझणीत तारा आल्या. नवे पिकअप आले. बॅटरीवर चालणारी दुसरी गिटार आली. पायाने दाबावयाच्या पेट्या आल्या. शेवटी पंधरा इंची कर्ण्याचा मोठा स्पीकर आला. एका नाताळच्या मध्यरात्री ऐन गौरवगीतात गिटार अकस्मात मुकी झाली. अशा गिटारीत केबल खोचलेली राहिली तरी बॅटरी संपत जाते. दुपारच्या सरावानंतर त्याने ती काढली नव्हती. त्या रात्री लोक तसेच गात राहिले आणि तो मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या ईस्टरच्या जागरणविधीत याची भरपाई करावी असे त्याच्या मनाने घेतले असावे. घंटा वाजल्या, गौरवगीत सुरू झाले आणि खर्जाच्या तारेने छपराचे पत्रे थरथरू लागले. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. शब्द कोणालाच कळेना.

विधीनंतर आम्ही त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, “हे बाजारातले वाद्य आहे. देवाच्या घरात पुन्हा आणू नकोस.” तो “बरं, फादर” एवढेच म्हणाला. त्याने केबल गुंडाळली, गिटार पिशवीत घातली आणि गेला. पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. गाणे मात्र पूर्वीसारखे चौथ्या कडव्यात घसरू लागले, आणि ते ऐकताना आपल्या कानाला कशाची तरी सवय झाली होती असे आम्हाला जाणवे. सुमारे दीड वर्षाने त्याच्या आईने आम्हाला गाठले. “फादर, तुम्ही रागावलात त्याचं मला काही नाही,” ती माउली म्हणाली, “पण तो रविवारी खोलीतून बाहेर येत नाही. गिटारही वाजवत नाही.”

त्या रात्री आम्ही तो १९६७ चा दस्तऐवज पहिल्या ओळीपासून वाचला. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. धरण भरले होते. तेथील स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात, तसे ते उघडले होते आणि पाण्याचा तो घोष कानाआधी छातीला जाणवत होता. दोन्ही परिच्छेद त्याला वाचून दाखवले आणि आमचे चुकले असे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, चूक माझीपण होती. मी लोकांचं गाणं ऐकतच नव्हतो. माझी तार कशी वाजते तेवढंच ऐकत होतो.”

त्यानंतरची सुधारणा उलट्या दिशेने झाली. बॅटरीची गिटार त्याने बाजूला ठेवली आणि कोलकात्याची जुनी काढली. तिच्यावर चपट्या तारा चढवल्या. जाड तार मानेच्या टोकाशी खणखणत होती, म्हणून तो ती घेऊन मिरजेला एका तंतुवाद्य कारागिराकडे गेला. त्या वृद्ध गृहस्थांनी बास गिटार पूर्वी हाताळली नव्हती. त्यांनी प्रत्येक तार छेडून कान लावला, खोबण खोल गेली आहे असे सांगितले आणि ज्या हाडातून तंबोऱ्याच्या घोड्या घडवतात त्याच हाडाची नवी पट्टी कापून बसवली. शेवटी तारांखाली, घोडीपाशी, भांडी घासण्याच्या स्पंजचा एक तुकडा सरकवला. त्याने स्वर लांबत नाही, उमटतो आणि विरतो, त्यामुळे शब्दांना जागा मिळते. ही युक्ती नवी नाही. फेंडरच्या जुन्या गिटारींवर घोडीच्या झाकणाखाली असा मऊ तुकडा कारखान्यातूनच बसवलेला असे. हजारो रुपयांची साधने जे करू शकली नाहीत ते दहा रुपयांच्या स्पंजने केले.

येथे नव्या साधनांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. विजेची घरघर काढणारी सुधारणा उपकारकच आहे, आणि वाकलेल्या मानेचे वाद्य देवापुढे ठेवण्यात भक्ती नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार १९७२ मध्ये चोरीस गेली. त्यांना कोणतीही नवी गिटार दुर्मीळ नव्हती, तरी ती जुनी शोधून काढली गेली आणि ती परत मिळाल्याचे वृत्त २०२४ मध्ये जाहीर झाले. वाद्यावर माणूस जीव लावतो. त्या जिवाला हसणे हे मेंढपाळाचे काम नव्हे. मात्र नवे साधन घेताना, याने माझा आवाज वाढेल की लोकांचे गाणे वाढेल, हा प्रश्न वादकाने स्वतःस विचारावा. आणि मनाई करण्यापूर्वी, आवाज नको आहे की माणूसच नको आहे, हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंनी विचारावा. आवाज कमी करावयास एक खुंटी पुरते. दुरावलेला माणूस परत आणावयास आम्हाला दीड वर्ष लागले, आणि तोही त्याच्या आईने दार ठोठावले म्हणून आला.

त्या नाताळात त्याने पुन्हा वाजवले. मिस्सानंतर कोणी त्याच्या वादनाविषयी अवाक्षर काढले नाही. एक आजी मात्र आम्हाला म्हणाल्या, “फादर, आज गाणी खाली पडली नाहीत.” आता तो नोकरीमुळे कोल्हापुरास असतो आणि मोठ्या सणांनाच येतो. ती जुनी गिटार मात्र राधानगरीतच, पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवलेली असते, आणि तेथील दोन मुली तिच्यावर शिकत आहेत. आपल्या धर्मग्रामात असे कोणी शिकत असेल तर त्यांना सरावासाठी एक कोरडी खोली आणि ऐकून घेणारा एक कान द्यावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.